एका पैचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिरापाशी रिक्षातून उतरा. रिक्षावाल्याने परत दिलेले सुटे पैसे मोजून घ्या. नाटकाला अजून वेळ आहे. डोळे मिटा आणि पावणेपाचशे वर्षं मागे जा.

डोळे उघडाल तेव्हा ना रंगमंदिर, ना उस्मानपुरा. शहरच नाही. मलिक अंबर खडकीला शहर वसवणार १६१०मध्ये, त्याला अजून साठएक वर्षं आहेत. वायव्येची वाट धरा. तीनेक तासांत चांद मिनार दिसतो, त्याच्यामागे देवगिरीचा तासलेला कडा. अंमल निजामशाहीचा, पण किल्ल्यावर अधिकारी जनार्दनस्वामी. परंपरा सांगते, त्यांच्यासाठी गुरुवारी गडाचं कामकाज बंद असे.

रात्री त्यांच्या घरात डोकावा. पैठणहून आलेला, संत भानुदासांचा पणतू एकनाथ समईपाशी हिशेबाच्या वह्या घेऊन बसलाय. एका पैचा मेळ लागत नाही. तुमचे डोळे मिटायला लागतात, त्याचे नाही. पहाटेकडे चूक सापडते आणि तो आनंदाने टाळी वाजवतो. स्वामी जागे होतात. एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराचीच चूक सापडली तर किती होईल, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणतात. गोष्ट इथेच संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकापुरती राहिली असती.

सकाळी खंदक ओलांडून अंधारीत शिरा. कातळ कोरून काढलेला हा वळणावळणाचा भुयारी मार्ग शत्रूसाठीच आहे. पलिते विझले की त्याचे धडधाकट डोळे त्याच्या काही कामाचे नाहीत. पुढे उजेडाची तिरीप दिसली म्हणून धावाल तर फसाल. गडावरचा माणूस मात्र हाताने भिंत चाचपत, पायाखालची पायरी ओळखत सरळ वर जातो.

आता खरा प्रसंग. स्वामींकडे एक मलंग फकीर आलाय. फाटके कपडे, सोबत कुत्री. स्वामी त्याच्याबरोबर एका पात्रात जेवायला बसतात. एकनाथ बिचकतो, मागे सरतो. कथा म्हणते, तो मलंग म्हणजे साक्षात दत्त. रात्रभर जागून एक पै शोधणाऱ्या नजरेला समोर बसलेला देव दिसला नाही. तुम्ही त्याच्या शेजारीच उभे आहात. तुम्हाला तरी कपड्यांपलीकडे काय दिसलं?

ही कथा सांगणाऱ्या संतचरित्रकार महिपतींनी ‘भक्तविजय’ रचला १७६२मध्ये, एकनाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा इतिहास म्हणून या कथेवर पैज लावू नका. मला ती आवडते ती वेगळ्याच कारणासाठी: आपल्याकडच्या संतकथांत शिष्याला इतकं स्पष्टपणे चुकू देणाऱ्या कथा थोड्याच. आणि याच एकनाथांनी पुढे ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. वह्यांतली चूक हेरणारी नजरही वाया गेली नाही. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली.

तिसरी घंटा झाली. परत या. मघाचे सुटे पैसे बरोबर होते. रिक्षावाल्याचा चेहरा आठवतो का बघा.