गोंदण आणि चाकरी

गोंदियाहून दक्षिणेस कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोरेगाव हे तालुक्याचे गाव लागते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येथे माणसे येतात. त्यांत एखादी वृद्ध बाई भाजीची पाटी पुढे ठेवून बसलेली असावी, आणि पैसे घेण्यास तिने हात पुढे केला म्हणजे मनगटापासून वर उमटलेल्या हिरवट निळ्या ठिपक्यांकडे लक्ष जावे, यात नवल काही नाही. त्या ठिपक्यांपायी तिची रोजी कधी बुडाली नाही. शेताच्या आणि रानाच्या कामात हात कसा दिसतो हे कोणी पाहत नाही. हात काय करतो एवढेच पाहतात. तिच्या नातीची गोष्ट मात्र निराळी आहे. नात गणवेषाच्या नोकरीसाठी अर्ज करते, आणि तेथे उंची व धाव यांबरोबर तिची कातडीही तपासली जाते.

चाकरीच्या दारात गोंदणाची ही झडती कोठून आली, आणि ती न्यायाची केव्हा व अन्यायाची केव्हा ठरते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

या प्रदेशात गोंदण हा केवळ हौसेचा प्रकार नव्हता. तो एक संस्कार होता. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे हा सारा मुलूख मध्य प्रांतात मोडत असे. त्या प्रांतातील जातीजमातींचे वर्णन रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध केले. गोंडांविषयी त्यांनी जे नोंदविले आहे ते मननीय आहे. मुलीस गोंदावयाचे ते शक्यतो विवाहापूर्वी, बापाच्या घरी. विवाहानंतर गोंदण्याची वेळ आली तर त्याचा खर्च माहेरानेच सोसावा. काम निळीने होई आणि वेदना अशा होत की, मैत्रिणी त्या मुलीस धरून ठेवीत. पुरुषांतून ही चाल मागे पडत चालली होती, हेही त्याच ग्रंथात लिहिलेले आहे. म्हणजे हा संस्कार उरला तो मुख्यत्वे स्त्रियांच्या अंगावर.

गोंडांखेरीज महाराष्ट्रातील इतर अनेक घरांतही हनुवटीवर ठिपका, कपाळावर चंद्रकोर, हातावर तुळस किंवा विंचू गोंदविण्याची रीत होती. सोनेनाणे येथेच राहते, गोंदण तेवढे देहाबरोबर जाते, अशी यामागची श्रद्धा. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. एक, हे गोंदण घरच्यांच्या मायेचे होते. दुसरी, ते जिच्या अंगावर उमटले तिला तिच्या जाणत्या वयात कोणी विचारले नव्हते.

आता याच सुईचा सरकारने काय उपयोग केला तो पाहावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १७९७ पासून बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदविण्याची शिक्षा अमलात आणली. सरकारी दप्तरात तिचे नावही ‘गोदना’ असेच होते. कैदी पळाला तरी कपाळ त्याची ओळख देईल, हा हेतू. १८४९ च्या कायद्याने ही शिक्षा बंद झाली, तोवर अर्धशतक उलटून गेले होते. माहेराने दिलेली खूण सरकारच्या हाती पडताच कलंकाची झाली, ती अशी.

शिक्षा गेली तरी खुणेवरून माणूस ओळखण्याची गरज गेली नाही. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यास निघाले ते १८९७ साली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस पोलिसांच्या वर्णनपत्रांत गोंदण, तीळ व जखमेचा व्रण यांवर मोठी भिस्त असे. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकातही शरीरावरील ओळखीच्या खुणेसाठी रकाना असतो. गंमत अशी की, एका कागदावर जी खूण ओळख म्हणून उपयोगी पडते, तीच दुसऱ्या कागदावर अपात्रतेचे कारण होऊ शकते.

असा दुटप्पीपणा आपल्याच देशात आहे असे नाही. जपान सरकारने १८७२ साली आपल्या प्रजेस गोंदवून घेण्याची बंदी केली, आणि ती १९४८ पर्यंत टिकली. त्या बंदीच्या काळातच, १८८१ साली, इंग्लंडचा एक राजपुत्र जपानास गेला असता त्याने आपल्या हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला. हाच राजपुत्र पुढे बादशहा पाचवा जॉर्ज झाला. त्याच्या हातामुळे त्यास कोणी सिंहासनास अपात्र ठरविले नाही. उलट जपानातील ओसाका शहरात २०१२ साली महापौर हाशिमोतो यांनी नगरपालिकेच्या हजारो नोकरांकडून अंगावरील गोंदणाची लेखी माहिती मागविली. काहींनी ती देण्याचे नाकारले, त्यांना शिक्षा झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला. राजपुत्राचे गोंदण शोभेचे आणि कारकुनाचे गोंदण संशयाचे! नियम कातडीविषयी असतो असे म्हणतात. पण कातडी कोणाची, हे आधी पाहिले जाते.

आपल्याकडील सैन्यभरतीचा नियम याहून पुष्कळ विचारपूर्वक केलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतील बाजू आणि तळहाताची मागील बाजू, एवढ्या जागीच कायमचे गोंदण चालते. अन्यत्र असल्यास उमेदवार बाद होतो. मात्र अनुसूचित जमातींच्या उमेदवारांस त्यांच्या रूढीनुसार शरीराच्या कोणत्याही भागावर गोंदण असले तरी चालते. तेथे प्रत्येक प्रकरणाचा निराळा विचार होतो. त्यासाठी जमातीचा सरकारी दाखला तर हवाच, शिवाय ही आमची रूढीच आहे असे सांगणारे जमातीच्या जाणत्या व्यक्तीचे पत्रही जोडावे लागते.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी २०१५ साली वैद्यकीय तपासणीचे नियम ठरले. देश सर्वधर्मांचा आदर करणारा असल्यामुळे नाव वा दैवत यांचे गोंदण चालावे, असे ते म्हणतात. परंतु हाताच्या आतील बाजूचे गोंदण डाव्या हातावरच हवे, कारण उजव्या हाताने सलामी द्यावयाची असते. आणि त्या भागाच्या चतुर्थांशाहून ते लहान हवे. सोलापूरच्या एका उमेदवारास उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारले. ते गोंदण त्याने बहुतांशी काढूनही टाकले होते. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. सैन्यात धार्मिक भावनेस जी सवलत मिळते ती या दलातही का मिळू नये, असा त्या निकालाचा आशय होता. यानंतरही प्रश्न मिटलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये भुवनेश्वर येथे विशेष सुरक्षा दलाच्या शिपायांस गणवेषाबाहेर दिसणारी गोंदणे पंधरा दिवसांत काढून टाकण्याचा हुकूम निघाला होता.

आता पुन्हा गोरेगावच्या बाजूस यावे. समजा, तालुक्यातील एकाच खेड्यात दोन मैत्रिणी आहेत. लहानपणी एकाच जत्रेत, एकाच बाईने दोघींच्या हनुवटीवर तीन तीन ठिपके गोंदले. एक गोंड घरची, दुसरी कुणबी घरची. सैन्याच्या सैनिकी पोलीस दलात २०१९ पासून मुलींचीही शिपाई म्हणून भरती होऊ लागली, म्हणून दोघीही मैदानावर धावावयास जातात. पहिलीस रूढीच्या सवलतीचा आधार आहे. तिने दोन कागद मिळविले म्हणजे तिचा विचार होईल. दुसरीस तोही आधार नाही. सुई तीच, ठिपके तेच, वयही तेच. परंतु एकीचे ठिपके परंपरा आणि दुसरीचे ठिपके दोष! ही रूढी मुख्यत्वे स्त्रियांची. नियम घडला तेव्हा मात्र शिपाई म्हणजे पुरुष, असेच गृहीत होते. त्यामुळे स्त्रियांच्या चेहऱ्यावरील गोंदणाचा विचार करण्याचे कारणच पडले नसावे.

यावर धन्याचीही एक बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. गणवेषाचा अर्थच एकसारखेपणा. एखाद्याच्या हातावर अर्वाच्य चित्र असेल, किंवा दुसऱ्या जातीधर्माचा द्वेष करणारी अक्षरे असतील, तर त्या हाताने जनतेचे रक्षण व्हावयाचे नाही. असा मज्जाव योग्यच आहे. परंतु तो मजकुरास आहे, शाईस नव्हे. हा भेद ज्या नियमात नाही तो नियम सोपा असेल, न्याय्य नव्हे.

खासगी कचेऱ्या, दुकाने आणि खानावळी यांत तर लेखी नियमही बहुधा नसतो. गोंदणापुरता असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. तेथे मुलाखत घेणाऱ्याची नजर हाच कायदा. तीच नजर शहरी तरुणाच्या दंडावरील नव्या चित्रास शौक म्हणते, आणि खेड्यातील मुलीच्या हनुवटीवरील ठिपक्यास अडाणीपणा म्हणते. लेखी नियमाविरुद्ध न्यायालयात तरी जाता येते. नजरेविरुद्ध कोठे जावयाचे?

म्हणून चाकरी देणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. गोंदणात काय आहे? ते कोणी व कोणत्या वयात उमटविले? आणि नेमलेल्या कामास त्याने खरोखर बाधा येते काय? या तिन्हींची उत्तरे निर्दोष असतील तर ती खूण तेथेच सोडून द्यावी. नाहीतर त्या मुलीपुढे एकच वाट उरते. लहानपणी चार जणींनी धरून जे अंगावर उमटविले, ते आता पैसे मोजून, यंत्राच्या प्रकाशाने जाळून काढावयाचे. म्हणजे एकाच खुणेसाठी दोनदा वेदना सोसावयाच्या. पहिल्या वेळी निदान जवळ माहेरची माणसे होती.