शिफारशीचा इतिहास : 'सूपशास्त्र' ते 'रुचिरा' आणि पुढे

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत पाककृतींच्या पुस्तकांचा विचार क्वचितच आढळतो. परीक्षणे, पुरस्कार, अभ्यासक्रम यांपैकी कशाचाही आधार नसताना ही पुस्तके घरोघरी पोहोचली ती जाऊ, नणंद, शेजारीण यांच्या तोंडी शिफारशीवर. या शिफारशीकडे वाचनसंस्कृतीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 साली प्रसिद्ध झाले. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आले. शीर्षकांतील फरक बोलका आहे. शास्त्र शिकायचे असते, मित्राचा सल्ला घ्यायचा असतो. लेखक पुरुषाच्या जागी स्त्री आली, तसा पुस्तकाचा वाचकाशी असलेला संबंधही बदलला.

कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 साली किर्लोस्करांकडून निघाली, तेव्हा शहरांत लहान कुटुंबे वाढत होती. सासू किंवा आई शेजारी उभी राहून 'अंदाजाने घाल' असे सांगेल, ही सोय अनेकींना उरली नव्हती. कमलाबाईंनी तो अंदाज वाटी आणि चमचा या घरातल्याच मापांत बसवला. म्हणूनच हे पुस्तक लग्नात भेट म्हणून दिले गेले आणि परदेशी निघालेल्या मुलींच्या सामानातही गेले. 'यातल्या प्रमाणाने केलेस तर चुकणार नाही' या सांगण्यात सांगणारीची जबाबदारीही असते. समीक्षकाचे मत वर्षानुवर्षे तपासले जात नाही. या मताची परीक्षा मात्र त्याच संध्याकाळी ताटात होते. समासात पेन्सिलीने लिहिलेले 'तिखट कमी' हे त्या परीक्षेचे टिपण होय.

तथापि या परंपरेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. शिफारस नात्यागोत्यातून आणि शेजारातून फिरते; आपल्याकडे नाती आणि वस्त्या दोन्ही जातीने आखलेल्या. परिणामी ज्या स्वयंपाकघरांना छापखाना लाभला, त्यांचेच जेवण 'मराठी जेवण' या नावाने रूढ झाले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' 2015 साली आले, तेव्हा मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे खाणे, त्यातील टंचाई आणि कल्पकता यांसह, ग्रंथरूपात मांडले गेले. शीर्षकातील एका 'अ'ने पूर्णब्रह्माच्या सर्वमान्य कल्पनेलाच प्रश्न विचारला आहे.

'रुचिरा'चे मोल यामुळे उणावत नाही. तिने हजारो नवख्या हातांना धीर दिला, हे खरेच. परंतु चांगले पाकपुस्तक कोणते, असे कोणी विचारल्यास उत्तरात कोणाच्या चुली येतात आणि कोणाच्या येत नाहीत, हे आपण तपासावे. सांस्कृतिक इतिहास शिकवताना ही दोन पुस्तके विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावीत, अशी आमची शिफारस आहे.