शरणपूरचे आफ्रिकी कारागीर

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत घराण्यांच्या वंशावळी छापण्याचा प्रघात आहे. मूळ गाव, कुलदैवत आणि वडिलोपार्जित सुतारकाम वा लोहारकाम एवढे आपणांपैकी बहुतेकांस सांगता येते. ज्यांस यांपैकी काहीच सांगता येत नव्हते, परंतु जे आपल्याच नाशकात आपलाच धंदा शिकले, अशा लोकांचा वृत्तांत आम्ही येथे देत आहोत.

नाशिकचा शरणपूर रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. ज्या वसाहतीवरून त्यास हे नाव पडले, ती चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी सन १८५४ मध्ये वसविली. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे धरून, गलबतांत कोंबून, अरबस्तान व इराणी आखाताकडे विकावयास नेत. इंग्रज आरमाराने असे गलबत पकडले, की सुटलेल्यांपैकी कित्येक मुंबईस उतरविले जात आणि त्यांतील काही मुले शरणपुरास येत. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे, शेती, सुतारकाम व लोहारकाम शिकवीत. आईबापांनी ठेवलेली नावे जाऊन इंग्रजी नावे आली. याओ जमातीचा एक मुलगा जेकब वेनराइट झाला. या आडनावाचा अर्थ गाडे घडविणारा, म्हणजे तो आपल्याच पंगतीतला म्हणावयाचा!

आफ्रिका पायी धुंडाळणारे स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांनी येथील नऊ तरुण बरोबर घेतले. १८७२ मध्ये आणखी सहा जण त्यांस जाऊन मिळाले. त्यांत जेकब होता. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत या नाशिककरांविषयी गाऱ्हाणी आहेत, तर पुढील लेखकांनी त्यांस 'इमानी नोकर' म्हणून गौरविले. आमच्या मते दोहोंत त्यांची खरी योग्यता झाकली जाते. मे १८७३ मध्ये, हल्लीच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारले. हुकूम देणारा गोरा जवळ कोणीही नव्हता. सुसी, चुमा व ही नाशिककर मंडळी यांनीच ठरविले, की काळीज तेथे झाडाखाली पुरावे आणि देह वाळवून स्वदेशी पोहोचवावा. शवाच्या कामात नाशिकचा कॅरस फॅरर होता. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली. तो कोरीव भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जतन केला आहे. तेथून सुमारे हजार मैल चालत हा काफिला फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठी बागामोयोस पोहोचला. वाटेत जेकब रोजनिशी लिहीत होता.

त्याहूनही आम्हांस मोलाची वाटते ती पुढील हकिकत. विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे १८६४ मध्येच सहकुटुंब मोंबासानजीक रबाईस गेले होते. १८७३ च्या तहाने झांजिबारच्या सुलतानास समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करणे भाग पडले. मग १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासापाशी मुक्तांची नवी वसाहत उभारली आणि तीस मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रिअरटाऊन हे नाव मिळाले. शरणपूरची आफ्रिकी मंडळी तेथे गेली. कोणी शिक्षक झाले, कोणी कारागीर, कोणी दुभाषी. ज्या मुलखातून दोर बांधून नेले, त्याच बाजूस हाती विद्या व हत्यार घेऊन ते परतले. परंतु तो किनाराही त्यांस परकाच होता, आणि घर नव्यानेच मांडावे लागले.

धन्यांपासून पळालेले गुलामही आता या वसाहतींत येऊ लागले. त्यामुळे संतापलेल्या मालकांनी १८८० मध्ये फ्रिअरटाऊनवर चालून येण्याची धमकी दिली. पळून आलेल्यांस आश्रय देऊ नये, असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. तरीही रबाईस जोन्स यांच्या आश्रयाने अनेक जण राहिले. एकदा विकला गेलेला मनुष्य पळून आलेल्यास दारातून कसा परतवील? अखेर १ जानेवारी १८८९ रोजी, ब्रिटिश कंपनीने मालकांस भरपाई दिल्यावर, अशा सुमारे चौदाशे जणांस मुक्तिपत्रे मिळाली.

जेकब १८९२ मध्ये हल्लीच्या टांझानियातील उरांबो येथे निवर्तला. त्याच्याबरोबर गेलेला मॅथ्यू वेलिंग्टन मात्र १९३५ पर्यंत मोंबासात होता. त्याचे जन्मनाव चेंग्विंबे. ते तेवढे नोंदीत टिकले आहे.