अंत्यडाव (बुद्धिबळ)

अंत्यडाव : बहुतेक मोहरी मारली गेल्यावर उरणारा बुद्धिबळाच्या डावाचा शेवटचा टप्पा. तोवर कोपऱ्यात जपलेला राजा आता पटाच्या मध्याकडे आणावा लागतो. येथे तो लढणारे मोहरेच असतो. केवळ प्यादी उरली की राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर येतात आणि ज्याच्यावर खेळी असते त्याला वाट सोडावी लागते. हे नीट कळल्याशिवाय पुढचे काहीच उमगत नाही. मुक्त प्याद्यामागे हत्ती ठेवावा, हे बुद्धिबळपटू टाराशचे सूत्र बहुधा खरे ठरते. मात्र जादा प्यादे नेहमीच पुरत नाही. ते कडेच्या पट्टीतले असून आपला उंट वजीर होण्याच्या घराच्या रंगाचा नसेल, तर विरुद्ध राजा तो कोपरा गाठून बरोबरी साधतो. त्रेवंगडाचार्य शास्त्रींच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत निघाले. त्यात मुख्यतः अशा निर्णायक स्थिती आहेत. २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला जलद टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. निर्णायक डाव अंत्यडावातच फिरला.