पुनर्वसित गावे (लोहारा व उमरगा तालुके)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपानंतर धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात नव्या जागी वसवलेली गावे. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही त्यांतली परिचित नावे. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ५२ गावे हलवण्यात आली. हा भाग त्या वेळी उमरगा तालुक्यात होता. लोहारा तालुका पुढे वेगळा झाला.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. दोन्ही जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घराखाली. इथले जुने घर माळवदाचे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा थर. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडे, त्यामुळे वर्षागणिक वजन वाढत जाई. उन्हाळ्यात हेच घर गार राही. माळवदावर मिरच्या, कुरडया वाळत आणि रात्री अंथरुणे पडत.

जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशभरच्या देणगीदार संस्थांच्या मदतीतून नवी गावे उभी राहिली. घराचे माप जमिनीवरून ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, मोठ्यांना ७५०. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत कार्यालय, समाजमंदिर, पाण्याची टाकी आणि रुंद सरळ रस्ते आराखड्यातच होते. सोयींच्या यादीत ही गावे शेजारच्या जुन्या गावांपेक्षा उजवी ठरतात, यात शंका नाही.

आराखड्याने राहणी मात्र पुरती ओळखली नव्हती. अनेक गावांत घरे मापाप्रमाणे ओळीने लागली, तेव्हा भावकीची गल्ली मोडली. एका वाड्यातले भाऊ गावाच्या दोन टोकांना गेले. गावठाण पसरल्याने म्हाताऱ्यांना देऊळ लांब पडले आणि नळाची वाहिनी व रस्ता राखण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंगावर आला. काँक्रीटच्या दोन खोल्यांत बैल, कडबा, औते, धान्याच्या कणग्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न कुटुंबांनी स्वतःच सोडवला. दारापुढे पत्र्याचे शेड घालून एका बाजूला चूल मांडली, दुसऱ्या बाजूला दावण. उन्हाळ्यात स्लॅब तापला की बाज बाहेर येते. दगडी बांधकामाचा धसका इतका, की मधल्या काळात वाढवलेल्या खोल्यांनाही पत्राच पसंत केला गेला.

आरोग्यसेवेत सास्तूरचे स्पर्श ग्रामीण रुग्णालय हे या पुनर्वसनाचे टिकाऊ फलित. भूकंपानंतर स्वयंसेवी प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात बाळंतपणासाठी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका येतात.