नाव मेंदूचं, हाक हृदयाची

धाप लागलेला, पाय सुजलेला रुग्ण आला की डॉक्टर हल्ली रक्ताची एक तपासणी करून घेतात : बीएनपी. यातला ‘बी’ म्हणजे ब्रेन, मेंदू. तपासणी मात्र हृदयाची.

१९५६ मध्ये ब्रूनो किश यांना गिनिपिगच्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गडद कण दिसले. असे कण ग्रंथींच्या पेशींत असतात. नुसतं रक्त ढकलणाऱ्या स्नायूत त्यांचं काय काम? उत्तर मिळायला १९८१ उजाडलं. अर्जेंटिनात जन्मलेले आदोल्फो दे बोल्ड तेव्हा कॅनडातल्या किंग्स्टनला होते. त्यांनी उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच लघवी दहापट झाली आणि तिच्यातून जाणारं सोडियम तीसपट. खालच्या कप्प्यांच्या, निलयांच्या अर्काने असं काही घडलं नाही. हृदय हीसुद्धा एक ग्रंथी आहे, हे मला त्या शतकातल्या फार सुंदर शोधांपैकी एक वाटतं. अलिंदातून सुटणाऱ्या या संप्रेरकाचं नाव एएनपी.

१९८८ मध्ये जपानमध्ये सुदो, मात्सुओ आणि सहकाऱ्यांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड, बीएनपी, सापडलं. सापडलं तिथलं नाव चिकटलं. पुढे कळलं की माणसात ते मुख्यतः हृदयातच तयार होतं, आणि हृदय थकून ताणलं गेलं की सर्वाधिक त्याच निलयांतून, ज्यांचा अर्क दे बोल्ड यांच्या प्रयोगात गप्प राहिला होता.

मग रक्तात एवढं संप्रेरक असूनही पायांवरची सूज का उतरत नाही? हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडांना रक्त कमी पडल्यासारखं वाटतं. रेनिन, अल्डोस्टेरॉन ही साखळी जागी होते आणि मीठ-पाणी धरून ठेवते. हृदय ‘सोडा’ म्हणतं, ती ‘धरा’ म्हणते. शिवाय हृदयाकडून येणाऱ्या मालातला बराचसा अर्धवट घडलेला, कमी ताकदीचा असतो. उरलेला नेप्रिलायसिन नावाचं विकर तोडून टाकतं.

बाहेरून बीएनपी देण्याचा उपाय २०११ च्या मोठ्या चाचणीत फोल ठरला. २०१४ मध्ये वेगळी वाट यशस्वी झाली : सॅक्युबिट्रिलने नेप्रिलायसिनला रोखायचं, जोडीच्या व्हल्सार्टनने ‘धरा’ म्हणणाऱ्या साखळीला. मृत्यू आणि इस्पितळाच्या फेऱ्या दोन्ही घटल्या. या गोळीवर असलेल्या रुग्णाचं बीएनपी औषधामुळेच वाढू शकतं. म्हणून डॉक्टर त्याच्यासाठी एनटी-प्रोबीएनपी तपासतात. संप्रेरक घडताना सुटणाऱ्या त्या तुकड्याला नेप्रिलायसिन तोडत नाही.