व्याकरणाची तस्करी

तस्करी म्हटली की आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांपुढे सोन्याची बिस्किटं येतात. आमच्या वडिलांच्या पिढीला परदेशी घड्याळं, ट्रान्झिस्टर आणि टेरिलीनचं कापड आठवतं. पण एखाद्या देशात माणसं काळोख्या रात्री, बर्फ तुडवीत, सरहद्दीवरच्या शिपायांना चुकवीत पाठीवरच्या पोत्यातून प्रार्थनेची पुस्तकं आणि बाराखड्या आणीत होती असं कोणी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ महिनाअखेरीस उपाशीपोटी कॅशवर बसला असावा. वाचकहो, मी जेवलेलो आहे. ही हकिकत लिथुआनियाची आहे आणि अक्षर न् अक्षर खरी आहे.

लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. लोकसंख्या तीस लाखांच्या आतली. एवढ्याशा देशाच्या भाषेशी बी. कॉम. झालेल्या माणसाचं काय देणंघेणं? तर शाळेत 'मार्क पडतात' म्हणून घेतलेलं संस्कृत. आपला देव तो त्यांचा 'दिएवस', अग्नी तो 'उग्निस', मधु तो 'मेदुस', स्वप्न ते 'साप्नस'. त्यांची एक म्हण तर ऐकाच : 'दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. म्हणजे आपली 'चोच दिली त्याने चाराही दिला' हीच की! फक्त आपण पाखरांवर ढकललं, त्यांनी सरळ स्वतःच्या बत्तिशीवर घेतलं.

वरवर पाहता वाटतं, चला, निम्मी भाषा आलीच! खरा हिशेब पुढे आहे. संबोधन धरून संस्कृतच्या आठ विभक्ती, लिथुआनियनमध्ये सात. पंचमीचं षष्ठीत विलीनीकरण झालं. (हल्ली बँकांचंही असंच होतं, खातेदाराला पत्ता नसतो.) मुलगा म्हणजे सूनु, तिकडे 'सूनुस'. मुलाचा म्हणजे सूनोः, तिकडे 'सूनाउस'. हाक मारायची झाली तर 'सूनाउ!' वर्गातला 'सूनुः सूनू सूनवः'चा घोष ज्यांच्या कानात अजून घुमतो, त्यांच्या अंगावर हे वाचून एक तर रोमांच येईल, नाही तर काटा.

माझ्या धंद्याला लागून असलेला भाग पैसे मोजण्याचा. २०१५ साली तिथे युरोचं चलन आलं. लिथुआनियन माणसाने त्यालाही आपली शेपटी लावली आणि 'एउरस' करून टाकलं. आता मोजा. एक एउरस, दोन एउराय, पण दहा 'एउरू'. अकरा ते एकोणीस 'एउरू'च. वीसही 'एउरू'. एकवीस झाले की पुन्हा एकवचन : एकवीस 'एउरस'! बावीसला परत 'एउराय'. कॅशियरने नोटा मोजायच्या की वचनं? आमच्या शाखेत हा नियम आणला तर रोजचा हिशेब रात्री अकरापर्यंत जुळायचा नाही.

याच्याही पुढे जाऊन ज्यांना भाषेत पारंगत व्हायचं असतं, त्यांना भेटतो आघात. शब्दावरचा जोर एका जागी बसत नाही. 'रांका' म्हणजे हात. प्रथमेत जोर शेवटच्या अक्षरावर, द्वितीयेत तो उडी मारून पहिल्यावर. अशा उड्यांच्या चार तऱ्हा आहेत आणि कोणतं नाम कोणत्या तऱ्हेचं, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. जर्मन पंडित श्लायखर १८५२ साली पूर्व प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांच्या तोंडून भाषा शिकला आणि १८५६ साली त्याने तिचं व्याकरण छापलं. आधुनिक भाषाशास्त्राचा आद्य आचार्य सोस्यूर १८८० साली तिकडे गेला, आणि या उड्यांतला एक नियम त्याने मांडला तो १८९० नंतर. म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात गांगरलेल्या मुलाने लाजायचं कारण नाही.

आता तस्करीकडे वळू. लिथुआनियावर रशियाच्या झारचा अंमल होता. १८६३ साली तिथे उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि सरकारने निदान काढलं की दोष लिपीत आहे. १८६४ साली शाळेच्या पुस्तकांवर आणि १८६५ साली एकूण सगळ्याच छापील मजकुरावर हुकूम सुटला : लिथुआनियन भाषा लॅटिन अक्षरांत छापायची नाही, रशियन अक्षरांत खुशाल छापा. सरकारी खर्चाने तशी पुस्तकं निघालीही. लोकांनी ती घेतली नाहीत.

मग सरहद्दीपलीकडे, प्रशियातल्या टिल्झिट गावी पुस्तकं छापू लागले. बिशप वालान्चुस यांनी सुरुवातीची व्यवस्था लावली आणि पुस्तकं पाठीवर वाहून आणणारे शेतकरी तयार झाले. त्यांना 'क्निगनेशिस' म्हणतात. 'क्निगा' म्हणजे पुस्तक, 'नेश्ती' म्हणजे वाहून नेणं. सापडला तर तुरुंग, सैबेरिया. काहींना सरहद्दीवरच गोळी. युर्गिस बिएलिनिस नावाच्या गृहस्थाने हा उद्योग इतकी वर्षं केला की त्याला क्निगनेशांचा राजा म्हणत. त्याचा जन्मदिवस, १६ मार्च, आजही तिथे त्यांचा दिवस म्हणून पाळतात. घरात आया चरख्याशी बसून पोरांना अक्षरं शिकवीत. १९०१ साली याब्लोन्स्किस यांनी भाषेचं व्याकरण लिहिलं, तेही टिल्झिटला, टोपणनावाने छापावं लागलं. आपल्याकडे काही कवींनी नाव लपवलं असतं तर बरं झालं असतं. इथे व्याकरणकाराला लपवावं लागलं!

बंदी उठली १९०४ साली. चाळीस वर्षांत भाषा मेली नाही. उलट, १९०२च्या सुमारास बूगा नावाच्या पंडिताने ज्या शब्दकोशासाठी शब्द टिपायला घेतले होते, त्याचा पहिला खंड १९४१ साली निघाला आणि विसावा २००२ साली. मध्ये दोन महायुद्धं, सोव्हिएत राजवट आणि १९९० सालचं स्वातंत्र्य होऊन गेलं. शंभर वर्षं, वीस खंड! बूगा तर १९२४ सालीच वारला होता. पण 'संबंधित अधिकारी रजेवर असल्याने' असा शेरा मारून कोणी फाईल बंद केली नाही.

आमच्या काउंटरवर हल्ली मी 'एकोणसत्तर रुपये' म्हटलं की पलीकडचा कॉलेजकुमार विचारतो, "म्हणजे सिक्स्टी नाइन ना, काका?" त्याच्या आजोबांना कोणी तुरुंगात घातलं नव्हतं. कुठल्या झारने हुकूम काढला नव्हता. मी त्याला पैसे देतो आणि प्रत्येक वेळी, रांग खोळंबली तरी, एकदा मोठ्याने सांगतो : एकोणसत्तर. मागचे लोक कुरकुरतात. कुरकुरोत बापडे, मराठीतच कुरकुरतात ना!